पॉलिव्हिनाइल सिनामेट पिरिडीनशिवाय जमेल का?

ताळगावकर्ण: लिक्विड क्रिस्टलचे रेणू एका दिशेत अलाइन करायला हा यूव्ही प्रकाशाने जुळणारा पॉलिमर बनवतेय, पिरिडीनच्या (द्रावक आणि ॲसिड शोषणारा बेस) वासाने डोकं उठतं, त्यात पावसात कच्चा माल सिनामॉइल क्लोराइडची बाटली उघडली की नाकाला झोंबतं, सोपी वाट सांगा ना

फोंडेकर: पिरिडीन सोड. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) गरम पाण्यात विरघळव, थंड कर, कॉस्टिक सोडा घाल, मग सिनामॉइल क्लोराइड एमईकेत (मिथाइल इथाइल कीटोन, एक द्रावक) विरघळवून थेंबथेंब सोड, बर्फात ठेवून जोरात ढवळत राहा, सुटणारं ॲसिड सोडाच खातो. झोंबतं ते दमट हवेमुळे निघणारं हायड्रोजन क्लोराइड, फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणारं कपाट) बाटली उघडू नकोच गं.

म्हापशाची ताई: पॉलिमर अंधारात ठेव हां. त्याच्या फिल्मवर पोलराइज्ड यूव्ही (एकाच दिशेत कंप पावणारा अतिनील प्रकाश) टाक, मग अलाइन करायला फिल्म कापडाने घासायला नको, धूळ नाही. शास्त्रज्ञ मार्टिन शाड्टच्या गटाने १९९२ साली हेच दाखवलं.

ताळगावकर्ण: देव बरे करू ताई, उद्याच बर्फ आणते