मदत हवी आहे: प्लूटो नेपच्यूनच्या वाटेत येतो, मग नेपच्यून तरी ग्रह कसा?

सातवीतल्या भाचीला सूर्यमालेचं चित्र काढून देताना मीच अडकलोय. 'प्लूटोने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला नाही, म्हणून तो ग्रह नाही,' असं मी ऐटीत सांगून टाकलं. तिने दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे पेन्सिलीचं टोक टेकवलं. "मग मामा, नेपच्यूनने तरी कुठे केलाय?"

मला ठाऊक आहे ते एवढंच. ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहासाठी तीन अटी ठरवल्या: सूर्याभोवती फिरायचं, स्वतःच्या गुरुत्वाने गोल व्हायचं आणि परिसर मोकळा करायचा. प्लूटो तिसरीत नापास, म्हणून बटुग्रह. हे सगळं निघालं २००५ मध्ये जाहीर झालेल्या एरिस या दूरच्या गोलामुळे. आकाराने जवळपास प्लूटोएवढा, पण वस्तुमान २७ टक्के जास्त. प्लूटोला ग्रह म्हणायचं तर याला नाही कसं म्हणणार? (सेरेस १८०१ मध्ये सापडला तेव्हा ग्रह होता, मग लघुग्रह झाला, आता बटुग्रह. त्या बिचाऱ्यासाठी कोणी गळा काढत नाही.)

पण 'मोकळा' म्हणजे नेमका किती? गुरूच्या कक्षेत तर हजारो ट्रोजन लघुग्रह (त्याच्या पुढे-मागे त्याच वाटेने फिरणारे) आहेत. 'शास्त्रज्ञांनी मतदान केलं' हे उत्तर भाचीने आधीच फेटाळलंय.

प्रतिसाद १
घोटाळा 'मोकळा' या शब्दाचा आहे. रिकामा असा अर्थ घेऊ नका, तिथे कोणाचं चालतं ते बघा. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन. हा ताल नेपच्यूनच्या गुरुत्वाने धरून ठेवलाय, त्यामुळे प्लूटो आत येतो तेव्हा नेपच्यून भलतीकडेच असतो. दोघांत कायम सूर्य-पृथ्वी अंतराच्या निदान १७ पट अंतर राहतं. ट्रोजनही गुरूच्याच मुठीत आहेत. खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता: नेपच्यूनच्या टापूतलं बाकी सगळं एकत्र केलं, तरी नेपच्यून त्याच्या सुमारे २४ हजार पट भरतो. प्लूटो त्याच्या टापूतल्या बाकीच्यांच्या एक दशांशही नाही.

आणि कागद सपाट आहे हो! प्लूटोची कक्षा १७ अंशांनी कललेली आहे. तारेच्या दोन कड्या करून एक तिरकी धरा, रेषा छेदतच नाहीत हे तिला दिसेल.

धागाकर्ता
कड्या केल्या, पटलं. आता नवीन प्रश्न: बुधाला उचलून प्लूटोच्या जागी ठेवला, तर तो ग्रह राहील का?

प्रतिसाद १
तिथे परिसर मोकळा करणं बुधाला जड जाईल. प्लूटोजवळून यान नेणाऱ्या न्यू होरायझन्स मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न यांचा आक्षेप याच जातीचा आहे: गोळा तोच, मग पत्ता बदलला म्हणून त्याची जात का बदलावी? मला व्याख्या मान्य आहे, पण या प्रश्नाला माझ्याकडेही चोख उत्तर नाही. भाचीला सांगा, ती स्टर्नच्या बाजूची आहे.