जुन्या स्ट्रॅट कॉपी गिटारची बॉडी आणि नेक मिळालाय, चार हजारात परत वाजती करायचीय, सुरुवात कुठून करू?

अजिंक्यतारा_९९

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. मित्राच्या घरी माळ्यावर एक लोकल मेकची इलेक्ट्रिक गिटार पडून होती, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची, ती त्याने मला तशीच देऊन टाकली. बॉडी काळी आहे, रंगाचे टवके उडालेत. नेक (दांडा) मेपलचा वाटतोय आणि डोळ्याला तरी सरळ दिसतो. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) गंजलाय पण त्यावरची सॅडल (प्रत्येक तारेखालचा सरकता तुकडा) सगळी हलतात. तीन पिकअप (तारांचा आवाज पकडणारी कॉइल) आहेत पण वायरिंग कुणीतरी मधेच कापून ठेवलंय, पॉट (व्हॉल्यूम-टोनची बटणं) जाम, पिकअप निवडायचा पाच-वे स्विच गायब, तार आवळायची एक की तुटलेली, आणि नेकचे बॉडीतले स्क्रू पण दोनच शिल्लक.

बजेट चार हजार, त्यातच तारा पण आल्या. काळा रंग पूर्ण काढून खालचं लाकूड दिसेल असं पॉलिश करायची फार इच्छा आहे. व्हिडिओ बघितले तर सगळीकडे स्प्रे गन, कॉम्प्रेसर, नायट्रो लॅकरचे डबे, ते मागवायचे म्हटलं तर अर्धं बजेट तिथंच संपतंय. माझ्याकडे सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर आहे, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा झालाय, वडिलांचं ड्रिल आहे. रंग काढायला आधी घेऊ का? आणि पैसे नक्की कशावर घालू? ही गिटार मला खरंच वाजवायचीय, भिंतीवर लावायची नाहीये.

सुतारपक्षी (नाशिक)

वाजवायचीय म्हणालात ते बरं केलंत, मग रंगाला आत्ता हातच लावू नका. आधी सगळं सुकं जोडून बघा, म्हणजे नेक बसवायचा, ब्रिज बसवायचा आणि फक्त दोन टोकाच्या ई तारा लावायच्या. त्या दोन तारा नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर जातायत का ते बघा, एक तार कडेवरून घसरत असेल तर नेक तिरका बसलाय, आणि तो तिरका असताना केलेलं पॉलिश परत भोकं पाडताना खराब होणारच.

दुसरं माप म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची, तारा टेकायची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). स्ट्रॅट स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, असेल तर ३२४ मिमी भरेल, त्याच्या दुप्पट ६४८, तेवढ्यावर पातळ ईचं सॅडल आलं पाहिजे आणि जाड ईचं त्याच्या दोन-तीन मिमी मागं. लोकल मेकमध्ये ब्रिज इकडेतिकडे ठोकलेला असतो कधीकधी, आणि सॅडलचा स्क्रू संपला तरी सूर जुळत नाही असं होतं, ते आत्ताच कळलेलं चांगलं.

नेकचे स्क्रू नवे घ्या, चारही एकाच मापाचे. एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, बॉडीतल्या भोकातून स्क्रू सैल, आरपार गेला पाहिजे, त्याचे आटे फक्त नेकमध्ये धरले पाहिजेत. बॉडीतही आटे धरले तर नेक आणि बॉडीमध्ये केसाएवढी फट राहते आणि कितीही आवळलं तरी ती जात नाही. मेपल कडक लाकूड आहे, नवीन भोक पाडायचं तर ३ मिमीच्या आसपासचं बिट घ्या आणि स्क्रूला मेणबत्ती घासून मगच फिरवा, नाहीतर डोकं तुटतं आणि स्क्रू आत राहतो.

आणि लाकूड दिसेल असं पॉलिश म्हणताय, तर पिकअपच्या खळग्यात टॉर्च मारून बघा आधी. आडवे थर दिसले तर प्लायवूड आहे. प्लायवूडचा रंग हीट गनने काढायला गेलात तर वरचा थर सुटून येतो, तिथं सरळ ३२० नंबरचा पेपर मारून वर नवा गडद रंग द्यायचा. अखंड लाकूड असलं तरी काळ्या रंगाखाली कंपन्या वेगवेगळ्या रंगाचे तुकडे जोडतात, भोकं असतील तिथं लांबी (पुट्टी) भरतात, कारण दिसणार नसतंच ना. खाली काय निघेल त्याची तयारी ठेवा.

लॅमिंग्टन_रोड

इलेक्ट्रॉनिक्सवाला आहात म्हणजे निम्मा खर्च वाचला. पिकअप फेकू नका, मल्टिमीटर लावा. स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवतो, तेवढं आलं तर तो जिवंत आहे. काहीच नाही आलं तर आतली तार तुटलीय, पण बऱ्याचदा ती बाहेर जिथं वायरला जोडलेली असते तिथंच तुटते, भिंग लावून बघा, जोडता येते.

पॉट २५० के घ्यायचे, हंबकर (दुहेरी कॉइलचे पिकअप) असते तर ५०० के. गिटारच्या दुकानात महाग मिळतात, साधे पॉट आमच्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात, फक्त वर ए लिहिलंय का बी ते बघा, ए म्हणजे लॉगरिदमिक. बी पण चालतो, व्हॉल्यूमचा सगळा बदल एका टोकाला गोळा होतो एवढंच. टोनला ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिस्टर कपॅसिटर लावा, अगदी किरकोळ पैशात येतो आणि शेकडो रुपयांच्या ऑइल कपॅसिटरने आवाजात ऐकू येईल असा फरक पडत नाही, हे मी स्वतः दोन्ही लावून ऐकलंय.

खळग्याला आतून कॉपर टेप लावा, तुकडे एकमेकांना सोल्डरने जोडा आणि सगळं ग्राउंडला न्या. किचनची फॉइल नको, तिला सोल्डर धरत नाही. ब्रिजखालून ग्राउंडची वायर जाते ती विसरू नका. शेवटी जोडल्यावर हम (घुमणारा आवाज) आला आणि तारांना हात लावल्यावर कमी झाला तर वायरिंग बरोबर आहे, फक्त शील्डिंग कमी पडतंय. हात लावल्यावर वाढला तर जॅकच्या दोन वायरी उलट झाल्यात का बघा. आणि गिटार उघडायच्या आधी घराचं अर्थिंग तपासा, आपल्याकडे बऱ्याच घरांत तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायरच नसते, मग लोक पिकअपला दोष देत बसतात. अँपची तिसरी पिन कापून तर कधीच लावू नका, तारांना हात लावून उभे असता तुम्ही.

अजिंक्यतारा_९९

धन्यवाद दोघांनाही!! टॉर्च मारून बघितलं, प्लाय नाहीये, तीन तुकड्यांचं लाकूड आहे, फिकट, हलकं. दोन पिकअप सहा केच्या जवळ दाखवतायत, मधला बंद होता पण दादा तुम्ही म्हणालात तसं टोकालाच तार सुटली होती, जोडल्यावर तोही आला. बारावा फ्रेट बरोबर ३२४ वर आहे. दोन ई तारा लावून बघितल्या, नेक थोडा तिरका होता, स्क्रू सैल करून ओढल्यावर सरळ झाला.

आता रंगाचं सांगा ना कुणीतरी. थिनर लावलं तर काही होत नाही त्या काळ्या रंगाला.

मिरजकर

थिनरने मऊ पडत नाही म्हणजे तो बहुधा पॉलिएस्टरचा जाड थर आहे, नायट्रो (एनसी) लॅकर असतं तर लगेच चिकट झालं असतं. तो हीट गननेच निघतो. विकत घेऊ नका, फ्लेक्स किंवा गाड्यांना फिल्म लावणाऱ्याकडे असते, एक दिवसासाठी मागा. गच्चीवर, तोंडाला चांगला मास्क लावून करा, तो धूर वाईट असतो. एका जागी गन धरून ठेवायची नाही, फुगा आला की पत्र्याच्या पट्टीने ढकलत जायचं, लाकूड करपलं तर तो डाग खोल जातो. खाली पारदर्शक कडक सीलर राहील, तो १२० ने सुरू करून २४० पर्यंत पेपर मारत काढायचा, रेषेच्या दिशेनेच.

पॉलिशसाठी मी लाख सुचवतो, आणि मनापासून सुचवतो. आमच्या मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना पिढ्यान्पिढ्या लाखेचं पॉलिश होत आलंय, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते तुम्ही वाचलं असेल. ना कॉम्प्रेसर लागतो ना गन, लागतो तो हात आणि धीर. चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची), पॉलिशचं स्पिरिट, जुन्या मऊ सुती धोतराचा तुकडा आणि कापूस, सगळं मिळून तुमच्या बजेटचा अगदी छोटा हिस्सा.

लिटरभर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा हे माप धरा, तुम्हाला पाव लिटर पुरेल. बरणीत रात्रभर ठेवा, मधेमधे हलवा, मलमलमधून गाळून घ्या. फार दिवस साठवू नका, जुनं झालेलं लाखेचं पाणी नीट सुकतच नाही, चिकट राहतं. आधी रंध्रं बुजवायची, खडूची पूड आणि थोडी पिवडी (पिवळी माती) किंवा गेरू लाखेच्या पाण्यात कालवून चोळायची, सुकली की पेपर मारायचा. पिवडीने फिकट लाकडाला जी ऊब येते ती बाजारातल्या स्टेनने येत नाही असं माझं मत आहे. मग कापसाचा गोळा कापडात गुंडाळून पुरचुंडी करायची, लाखेत भिजवून पिळून घ्यायची आणि गोल गोल, मग आठच्या आकड्यासारखी फिरवायची. पुरचुंडी लाकडावर थांबवायची नाही, थांबली की तिथला थर उचलून येतो. अडकायला लागली तर बोटावर खोबरेल तेलाचा एक थेंब. पातळ थर, भरपूर थर, मधे सुकायला वेळ.

पावसाळ्यात करू नका, हवेतल्या दमटपणाने पांढरट झाक धरते. नेकचा खळगा आणि ब्रिजखालची जागा मास्किंग टेपने झाकून ठेवा.

रंगारी_कोथरूड

मिरजकरांचा मान राखून वेगळं मत देतो. तंबोरा मांडीवर घेऊन हळुवार वाजतो, इलेक्ट्रिक गिटार पट्ट्याला लटकते, बक्कल घासतं, हाताचा घाम लागतो. लाख स्पिरिटला विरघळते म्हणजे सॅनिटायझर लावलेल्या हाताने पण डाग पडतो. टिकाऊ हवं असेल तर गॅरेजमधल्या पेंटरला गाठा, दुसऱ्या गाडीला क्लिअर कोट मारतानाच तुमची बॉडी शेजारी टांगून दोन हात मारून देईल, घासाघाशी तुम्ही करून नेली तर पैसे फार घेत नाही. हे काही कमी दर्जाचं काम नाही, फेंडरनेच १९६० च्या आसपास कस्टम कलर म्हणून दिलेले रंग ड्युपॉन्ट कंपनीचे मोटारीचे होते, फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा रंग. आपले पेंटर अजून ज्याला ड्युको म्हणतात तो ड्युको ड्युपॉन्टचाच.

लाकूड पातळ रंगाने जास्त "श्वास" घेतं आणि आवाज सुधारतो असं कुणी सांगेल, त्यासाठी इलेक्ट्रिकमध्ये खर्च करू नका.

मिरजकर

घामाचं आणि सॅनिटायझरचं खरं आहे, नाकारत नाही. पण लाख खराब झाली तर तेवढ्याच जागी परत पुरचुंडी फिरवली की जुना थर विरघळून नव्यात मिसळतो, क्लिअर कोट उडाला तर तो तुकडा वेगळा दिसतच राहतो. ज्याला स्वतःच्या हाताने करायचंय आणि घरात करायचंय त्याच्यासाठी मी लाखच म्हणेन. हात टेकतो तिथं घाम फार लागत असेल तर वरून मेणाचा एक हात द्या.

सुतारपक्षी (नाशिक)

दोघांचंही बरोबर, पण रंगात अडकून मूळ काम राहू नये म्हणून सांगतो. तुम्ही तर साताऱ्याचे, पाचगणीत शिकलेल्या, क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी उभा राहून ब्रायन मे जी गिटार वाजवायचा ती त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून दोनेक वर्षं खपून घरी बनवली, नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, ट्रेमोलोला (सूर हलवायच्या दांडीला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फ्रेटवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. पिकअप पण त्याने आधी घरीच बनवले होते, तार ओढली की त्यातून विचित्र आवाज यायला लागला तेव्हा मात्र बर्न्स कंपनीचे विकत घेतले. घरी जे चांगलं होतं ते घरी करायचं आणि जे होत नाही त्यालाच पैसे द्यायचे, तुमच्या चार हजारांचं पण तसंच करा. तुमच्या यादीत ते म्हणजे कीचा पूर्ण सेट, स्विच, जॅक आणि चांगल्या तारा, ०९-४२ किंवा १०-४६ (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). एकच की बदलू नका, जुन्या पाच पण आज ना उद्या सैल पडणार.

उरलेला सगळा वेळ फ्रेटला द्या. स्टीलची छोटी पट्टी उभी धरून तीन-तीन फ्रेटवर ठेवत जायची, डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. आधी प्लास्टिकच्या हातोडीने दाबून बसतोय का बघा, नाही बसला तरच वरून घासायचं. घासायचं तर सगळ्या फ्रेटवर मार्करने काळं करा आणि सरळ ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपला ४०० चा पेपर चिकटवून लांबीने फिरवा, सगळीकडचा काळा रंग जेमतेम गेला की थांबा. उन्हाळ्यात नेक सुकून आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बोचतात, ती बारीक कानशीने तिरकी घासून घ्या.

अजिंक्यतारा_९९

दादा हे फारच कामाचं आहे, पाचगणीचं माहीत होतं पण शिंपल्याच्या बटणांचं नव्हतं!! ठरवलं, लाखच करतो, पाऊस संपल्यावर. तोवर फ्रेट आणि वायरिंग. शेवटचं एक, नट प्लास्टिकचा आहे आणि त्यात तारा फार उंच वाटतात, पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरायला बोटं दुखतात. नटच्या फाइलचा सेट माझ्या पूर्ण बजेटएवढा आहे, काही पर्याय?

सुतारपक्षी (नाशिक)

गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या गोल सुया हार्डवेअरमध्ये मिळतात, वेगवेगळ्या जाडीच्या एका डबीत असतात, त्या वापरा. तारेपेक्षा किंचित जाड सुई घ्यायची आणि घासताना हेडस्टॉककडे (की असतात त्या टोकाकडे) उतार द्यायचा, म्हणजे तार नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकते. मोजायचं असं, तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती जागा आहे ते बघा, कागद जेमतेम सरकला पाहिजे. जाड तारांना थोडी जास्त ठेवा.

पण हे ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवायची सळई) जुळवल्यानंतर. पहिला फ्रेट आणि नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दोन्ही दाबून धरायचे, सातव्या-आठव्यावर पाव मिमीच्या आसपास फट हवी, कमी-जास्त असेल तर रॉड एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि तार परत सुरात आणून बघायचं. मग सॅडलने उंची, बाराव्यावर जाड तारेखाली २ मिमी, पातळ खाली दीडच्या थोडं वर. त्यानंतर नट. सगळ्यात शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळवणं), बाराव्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर बघा, दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागं, उतरा येत असेल तर पुढं. गंजलेले सॅडलचे स्क्रू आधी रात्रभर तेलात टाकून ठेवा, नाहीतर पाना फिरवताना खाचच झिजून जाईल.