मदत हवी आहे: भाच्याचा आवाज नाकातून येतो, परत ऑपरेशन की थेरपी?

मुक्काम_उदगीर:
भाच्याची टाळू जन्मतः दुभंगलेली होती. ऑपरेशन झालंय, पण बोलणं अजून नाकातूनच. एक डॉक्टर म्हणतात परत ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात थेरपी लावा. ताई रोज फोनवर रडते. या डॉक्टरांची म्हणे एक संघटना आहे, तिथे अर्ज केला तर खर्च मिळतो का? आणि दोघांतलं कुणाचं ऐकायचं? अनुभव असलेल्यांनीच लिहा, जरा घाई आहे.

प्राजू:
वय काय?

मंदाकाकू:
आडवं झोपवून अजिबात पाजू नका हो. उभं धरून, बोंडल्याने थोडं थोडं. मधेमधे ढेकर काढा. माझ्या नातीचं असंच केलं, छान बाळसं धरलं.

मुक्काम_उदगीर:
काकू, तो पहिलीत आहे. भाकरी खातो.

वाचा_थेरपिस्ट:
ऑपरेशन कितव्या महिन्यात झालं? ओठही दुभंगलेला होता की फक्त टाळू? पातळ पदार्थ नाकातून येतात का? कान तपासलेत का? नेमके कोणते शब्द चुकतात? एवढं कळल्याशिवाय कुणीही सांगितलेलं अंदाजपंचेच.

अवि७७:
अ‍ॅडेनॉइड्स, म्हणजे नाकामागच्या घशातल्या गाठी, काढून टाका. माझ्या मुलाचा आवाज असाच बसका, नाकातला होता. काढले, आठवड्यात मोकळा झाला. थेरपीवाले वर्षानुवर्षं बोलावतात.

वाचा_थेरपिस्ट:
अवि, तुमच्या मुलाचं नाक चोंदलेलं होतं. इथे उलटं आहे, नाकातून हवा जास्त जातेय. टाळू आखूड असलेल्या मुलात अ‍ॅडेनॉइडच मागची फट थोडीफार बुजवतो. तो काढला तर आवाज आणखी नाकात जाऊ शकतो. टाळू शिवलेल्या मुलाचे अ‍ॅडेनॉइड्स टीमला विचारल्याशिवाय कुणीही काढू नयेत.

अवि७७:
अनुभव सांगितला. एवढं चिडायला काय झालं?

मुक्काम_उदगीर:
दीड वर्षाचा असताना झालं. ओठ चांगला आहे, फक्त टाळू. ताक किंवा वरण घाईत प्यायला तर नाकातून येतं, पण ते तर असतंच ना? बाबांना मामा म्हणतो. मलाही मामाच. दाजी वैतागतात.

वाचा_थेरपिस्ट:
‘असतंच’ नाही. शिवणीत भोक राहिलंय का, हे आधी बघायला हवं. आणि दाजींचा ‘मामा’ का होतो ते सांगते. ‘ब’ म्हणताना मागची मऊ टाळू वर जाते आणि नाकाची वाट बंद करते. ती बंद झाली नाही की हवा नाकात शिरते, ‘ब’चा ‘म’ होतो. घरी बघायचं तर नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पापा’ म्हणायला लावा. आरशावर वाफ आली तर हवा गळतेय. ‘मामा’ म्हणताना ती येणारच, तो घोळ करू नका. यावरून फक्त अंदाज येतो. पक्कं ठरवताना नाकातून बारीक दुर्बीण घालून मूल बोलत असताना टाळू कशी हलते ते बघतात. भोक किंवा आखूड टाळू थेरपीने भरून येत नाही. उच्चार भलत्याच जागेवरून काढायची सवय लागली असेल तर ती ऑपरेशनने जात नाही. बऱ्याच मुलांना दोन्ही लागतं. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात.

भटक्या_विमुक्त:
रोज सकाळी शंख फुंकायला लावा. फुगेही चालतील. टाळूला व्यायाम होतो.

वाचा_थेरपिस्ट:
फुंकताना टाळूचं काम वेगळं, बोलताना वेगळं. फुगे फुगवून ‘ब’ येत नाही, ‘ब’ म्हणत म्हणतच येतो.

सुलभा_ना:
ग्रहणात ताईंनी विळी हातात घेतली असेल. आमच्या आळीत एकीचं झालं होतं असं.

प्राजू:
सुलभाताई, पोरगं सहा वर्षांचं झालं, आता तरी त्या माउलीला सोडा. टाळू गर्भाच्या सहाव्या ते नवव्या आठवड्यात जुळते, काहींना तेव्हा दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं. जगभरात ढोबळमानाने 700 बाळांमागे एकाचा ओठ किंवा टाळू अशी असते. सगळ्यांच्या आया विळी घेऊन बसल्या होत्या का?

रॅलेचा_पाहुणा:
संघटनेबद्दल. इथे अमेरिकेत अमेरिकन क्लेफ्ट पॅलेट–क्रॅनिओफेशियल असोसिएशन आहे, 1943 पासूनची. ती सर्जन, दातांचे डॉक्टर, वाचा थेरपिस्ट अशा पूर्ण टीमला मान्यता देते. आम्ही त्यांची यादी बघूनच टीम निवडली. पालकांसाठी माहितीपत्रकंही चांगली आहेत.

प्राजू:
उदगीरहून रॅलेला एसटी नाही. :) आपल्याकडे इंडियन सोसायटी ऑफ क्लेफ्ट लिप, पॅलेट अँड क्रॅनिओफेशियल अनॉमलीज आहे. सर्जन, ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे), थेरपिस्ट सगळे सभासद, दरवर्षी इंडोक्लेफ्टकॉन नावाचं अधिवेशन भरतं. पण ती व्यावसायिकांची संस्था, पेशंटचं बिल भरायची सोय नव्हे. टीम शोधताना तिचा धागा धरा. पैशांसाठी वाट वेगळी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला गाठा किंवा थेट जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. स्माईल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांत ऑपरेशन मोफत होतं. दुसऱ्यांदा करायच्या ऑपरेशनचं आणि थेरपीचं काय, ते फोनवर आधीच विचारून घ्या.

डॉ_किडका_दात:
आणि सर्जन प्लास्टिकचाच हवा असं नाही बरं. मुख-जबडा सर्जनही ही ऑपरेशनं करतात.

अवि७७:
म्हणजे दातवाले टाळू शिवणार?

डॉ_किडका_दात:
शिवतातच. यावर वेगळा धागा काढा, येतो मी.

मुक्काम_उदगीर:
भांडणं नंतर. आरसा धरला, ‘पापा’ला वाफ आली. पथक शाळेत कधी येतं ते बाईंना विचारलंय. पहिल्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद सापडत नाही, अडवतील का?

वाचा_थेरपिस्ट:
कागदासाठी थांबू नका. नक्कल जुन्या हॉस्पिटलातून मागवा, तोवर तपासणी होऊ दे. आणि कानांचं अजून सांगितलं नाहीत. अशा मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं, मग थेरपीत ऐकून ऐकून सुधारणार कसं? त्याच फेरीत श्रवण चाचणी करून घ्या.

मुक्काम_उदगीर:
टीव्ही मोठा लावतो तो. ताई म्हणते हट्टी आहे.

वाचा_थेरपिस्ट:
मग कान आधी.