माळकरी सासूबाई, मेक्सिकन हॉटेल आणि ‘मांतेका’: सांगू की नको?

कराडची_सून (सॅन अँटोनिओ, टेक्सस)

मंडळी, प्रश्न दोन आहेत. एक सोपा, एक अवघड.

आमच्या घरापासून गाडीने पाच मिनिटांवर एक मेक्सिकन हॉटेल आहे. नाव सांगत नाही, उगाच कुणी त्यांच्या डोक्यावर वाईट रेव्ह्यू टाकायला नको. सात-आठ टेबलं. आत नवरा-बायको रांधतात, गल्ल्यावर थोरला मुलगा, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर नात गृहपाठ करत बसलेली असते, मधेच उठून पाणी आणून देते. भिंतीवर ग्वादालूपेच्या मातेची तसबीर, भोवती लुकलुकत्या दिव्यांची माळ. सासूबाई पहिल्याच दिवशी चप्पल काढून तिच्या पाया पडून आल्या. “कुठली देवी गं?” मी म्हटलं, “आपली तुळजाभवानी, तशी यांची.” पटलं त्यांना.

दाराजवळ घरातली आजी टॉर्टिया करत बसते. मक्याचा गोळा लाकडी प्रेसमध्ये दाबायचा आणि तव्यावर टाकायचा. सासूबाई दहा मिनिटं नुसत्या बघत उभ्या. दुसऱ्या खेपेला हात धुऊन आल्या, एक गोळा उचलला आणि दोन तळव्यांत भाकरीसारखा थापला. टॉर्टियाच्या दुप्पट झाला. आजी काहीतरी बोलली आणि अख्खं स्वयंपाकघर हसलं. या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. पण तेव्हापासून रविवार आला की “त्या बाईकडे जायचं ना?”

आता अडचण. सासूबाई माळकरी. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, अंडंही चालत नाही. माझी समजूत अशी की बीन्स म्हणजे आपला राजमा-घेवडा, त्यात काय असणार? तीन रविवार त्यांनी बीन्स मागून मागून खाल्ले. “आपल्या घेवड्याला हा खमंगपणा का येत नाही गं?” म्हणून गेल्या रविवारी मी त्या नातीला कृती विचारली. ती म्हणाली, आजी मांतेकात परतते. फोनवर शब्द बघितला. डुकराची चरबी. घरी येईपर्यंत मी गाडीत तोंड उघडलं नाही.

सोपा प्रश्न: त्यांच्यासाठी तिथे काय मागवू? पुढच्या आठवड्यात त्या परत निघाल्यात आणि त्याआधी एकदा जायचंच म्हणतायत.

अवघड प्रश्न: सांगू का? नवरा म्हणतो, पोटात गेलं, पचलं, आता कशाला त्रास.

ह्यूस्टनचा_पाव्हणा

ताई, अठरा वर्षं टेक्सासात शाकाहारी राहून जगलोय, म्हणून सोप्या प्रश्नाचं मी सांगतो. अवघडाचं नवऱ्याला विचारा, नाहीतर नका विचारू.

आधी खात्री करा. मांतेका म्हणजे दर वेळी डुक्करच असं नाही. ‘मांतेका वेखेताल’ पण असते, म्हणजे आपला डालडा. सरळ विचारायचं: “ला मांतेका, एस दे पुएर्को ओ वेखेताल?” बरीच हॉटेलं आता साध्या तेलातही करतात. पण जिथे आजी आहे आणि चव अशी आहे, तिथे मी पैज पुएर्कोवरच लावीन.

नुसतं “व्हेजिटेरियन” म्हणून थांबू नका. “सिन कार्ने” म्हटलं की गोमांस काढतात, चिकन राहू शकतं. केशरी भात बहुतेक ठिकाणी चिकनच्या पाण्यात शिजवतात, नाहीतर त्यात चिकनच्या चवीची पावडर असते. टॉर्टिया सूपचं तेच. लाल एन्चिलाडावर (सारण भरून गुंडाळलेली टॉर्टिया) टेक्सासात जी ग्रेव्ही ओततात तिच्यात बऱ्याचदा खिमा. चिले रेयेनो म्हणजे भरली मिरची, दिसायला आपल्या भज्याची बहीण, पण आवरण अंड्याचं. तमाले म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, त्यात मांतेका फेटलेली. ‘चारो’ बीन्समध्ये बेकन, ते तर लांबूनच. गोडात फ्लान आणि त्रेस लेचेस, दोन्हींत अंडं.

आणि ताई, हात जोडून सांगतो, गव्हाच्या मऊ टॉर्टिया खाल्ल्या असतील तर त्यातही बहुधा तीच मांतेका. आपण मोहन घालतो ना, तसं. मक्याच्या मात्र सुरक्षित.

मागवा: मक्याच्या टॉर्टियाची केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडून भाजलेली, आत राखास म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या. कालाबासितास, म्हणजे दुधी-काकडीच्या मधली भाजी, मक्याचे दाणे, टोमॅटो घालून. ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी. नोपालेस मिळाले तर नक्की, फड्या निवडुंगाची भाजी आहे, भेंडीसारखी बुळबुळीत, सासूबाईंना आवडेल. आणि “नो पिका”, म्हणजे तिखट नाही, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कराडच्या आहात म्हणजे चालेल म्हणा.

चिकित्सक_७७

बऱ्याच चीजमध्ये दूध फाडायला रेनेट घालतात. काही वेळा ते वासराच्या पोटातून काढलेलं असतं. कुणी बोलत नाही म्हणून सांगितलं.

कराडची_सून

गव्हाच्या खाल्ल्यात. पहिल्या दिवशी चार. आधी एकाच बीन्सची काळजी होती.

चिकित्सक, आपले आभार, पण ते मला आत्ता कळायला नको होतं.

वऱ्हाडी_केरेतारोत

मी मूळचा अकोल्याचा, पाच वर्षं मेक्सिकोत केरेतारोला नोकरीला. सॅन अँटोनिओचं जेवण म्हणजे टेक्सासात वाढलेलं सासरचं जेवण. चिप्स-सालसा फुकट आणि पुन्हा पुन्हा भरून, पिवळं चीज, जिरं सढळ हाताने, हे सगळं तिकडचं. इकडे दुपारी मी ज्या खानावळीत जातो तिला ‘फोंदा’ म्हणतात. ठरलेलं ताट: आधी सूप, मग भात नाहीतर शेवया, मग एक भाजी-मटण काय असेल ते, आणि सोबत फळाचं पाणी. पुण्यातल्या मेससारखं, फक्त इथे मावशी गालावर पापी घेते. अनोळखी माणूसही तुमच्या टेबलाजवळून जाताना “प्रोवेचो”, म्हणजे सावकाश जेवा, असं म्हणतो, आणि बिल तुम्ही मागितल्याशिवाय कुणी आणत नाही. आणलं तर ‘उठा आता’ म्हटल्यासारखं होतं.

तुमच्या सासूबाईंना त्या गोळ्याची भाकरी थापता आली, त्याचं कारण सांगतो, ते मला फार आवडतं. आपल्याकडे मक्याच्या कोरड्या पिठाची भाकरी थापताना फाटते, कडा तुटतात. यांचं पीठ कोरडं दळलेलं नसतं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात (हो, पानाला लावतो तोच चुना), रात्रभर मुरवतात, सालं धुऊन काढतात आणि ओलाच दळतात. त्यामुळे गोळा चिकट होतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. स्पॅनिश लोक मका युरोपात घेऊन गेले, चुन्याची युक्ती इथेच राहिली, आणि पुढे मक्यावरच जगणाऱ्या तिकडच्या गरिबांना पेलाग्रा झाला, म्हणजे नायसिन न मिळाल्याने होणारा रोग.

आणि मांतेकाचं म्हणाल तर ती मूळची इथली नाहीच. 1519 साली स्पॅनिश सरदार कोर्तेस उतरला, त्यानंतर डुकरं आली, गाई आल्या, चीज आलं. त्याआधी मका, घेवडा, भोपळा, मिरची आणि टोमॅटो. शिकार, टर्की वगैरे होतं, पण चरबीत परतायची पद्धत नव्हती. म्हणून मागायचे ते ‘फ्रिहोलेस दे ला ओया’. मडक्यातले नुसते उकडलेले, कांदा आणि एपासोतेचा पाला घालून. परतलेले नाहीत. तेवढी त्यात बेकन किंवा मांतेका नाही ना, याची चौकशी करा.

प्यायला ‘आग्वा दे हामायका’ घ्या. ती आपली अंबाडीची लाल बोंडं. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला आजीच्या अंगणातल्या अंबाडीची आठवण झाली आणि मी तिसरा ग्लास मागवला.

जाता जाता एक. मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात भाकर वाटणारा जो माणूस आहे ना, तो आपल्या वर्ध्याचा. डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, फिरत फिरत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं. मी त्या चित्रासमोर उभा होतो तेव्हा शेजारी शाळेची सहल होती. त्यांना सांगावंसं वाटलं, हे आमच्याकडचे. माझं स्पॅनिश तेव्हा तेवढं नव्हतं.

थोरल्या_काकू (कोथरूड)

अवघड प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली, म्हणून लिहिते. माझे वडील माळकरी होते. एकदा एका लग्नात त्यांच्या ताटात चुकून रस्सा वाढला गेला, आम्ही भावंडांनी बघितलं आणि कुणी बोललो नाही. ते वारले तरी बोललो नाही. मला अजून तो पंगतीचा मांडव दिसतो. त्यांच्या जिवाला काही झालं नाही, मला मात्र झालं.

सांग बाई. पण जेवणाच्या वेळी नको आणि नवऱ्यासमोर नको.

आणि त्यांनी फार मनाला लावून घेतलं तर एकादशीची खिचडी काढ. साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, दाणे, बटाटा, मिरची, चारही अमेरिका खंडातून आलेले, पोर्तुगीज वगैरेंच्या जहाजांतून. विठोबाने ते कधी परत पाठवले नाहीत.

ह्यूस्टनचा_पाव्हणा

काकू, खिचडी शुद्ध आहे हो, चरबीची गोष्ट वेगळी. माळ काढावी लागेल असं वाटलं त्यांना तर?

थोरल्या_काकू

ते त्या ठरवतील. आपण त्यांच्या वतीने ठरवायचं नाही, एवढंच म्हणते.

कराडची_सून

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, सासूबाईंना विमानात बसवून आले.

शुक्रवारी रात्री सांगितलं. नवरा वर झोपवायला गेला होता मुलाला. आधी म्हणाल्या, “डुकराची?” मग म्हणाल्या, “तीन रविवार?” उठून रात्री नऊला अंघोळ केली. शनिवारी हरिपाठ नेहमीपेक्षा लांबला, मी चहा दोनदा गरम केला. मग बाहेर येऊन विचारलं, “तुला माहीत होतं?” म्हटलं, नव्हतं. “मला तरी कुठे होतं,” म्हणाल्या आणि चहा घेतला. माळ गळ्यातच आहे. पंढरीला जाऊन काय ते बघते म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “त्या बाईला बोलली नाहीस ना काही? बिचारी वाईट वाटून घेईल.”

बोलले होते. शनिवारी दुपारी नातीला फोनवर सगळं सांगितलं होतं, पुएर्कोचीच होती. रविवारी गेलो तर आजी प्रेस सोडून उठून आली, सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ स्पॅनिशमध्ये बोलत राहिली. सासूबाई मराठीत “असू दे, असू दे” म्हणत होत्या. तिने वेगळ्या भांड्यात बीन्स केले होते, तेलातले. तेल कुठलं ते बाटली आणून दाखवलं. तवा नवा होता, किमतीचं लेबल मागे तसंच होतं. हामायका प्यायल्या, अंबाडी लगेच ओळखली. निवडुंगाच्या भाजीला हात लावला नाही.

बीन्स मात्र सगळे संपवले. आजी लांबून बघत होती म्हणून असेल. गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता हळूच म्हणाल्या, “आज ती चव नव्हती गं.”