वाहाका (मेक्सिको): विणकरांची गावं आणि आठवडी बाजार एका दिवसात, शुक्रवारी की रविवारी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ह्यूस्टनला असते. जानेवारीत आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी वाहाकाला जातोय. गुरुवारी रात्री पोचू, सोमवारी पहाटे परत. व्हिसाची काळजी नाही, सगळ्यांकडे अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे. एक दिवस मोन्ते अल्बानच्या प्राचीन अवशेषांना, एक दिवस शहरात. उरलेला एकच दिवस आजूबाजूच्या कारागिरांच्या गावांसाठी आहे आणि गाडं तिथेच अडलंय.

शुक्रवारी ओकोत्लानचा बाजार असतो. त्याच रस्त्यावर काळ्या मातीच्या भांड्यांचं सान बार्तोलो कोयोतेपेक आणि कोपालच्या लाकडातून रंगीत प्राणी कोरणारं तिलकाहेते लागतं. रविवारी मात्र पूर्वेला त्लाकोलुलाचा मोठा बाजार, आणि वाटेत तेओतितलान देल वाये. तिथे झापोतेक या मूळ रहिवासी समाजाचे विणकर लोकरीच्या सतरंज्या विणतात. मैत्रिणींना भांडी आणि ते प्राणी हवेत, माझा जीव मागांत अडकलाय.

माझं माहेर येवल्याचं. शेजारी पैठणीचा माग होता. शाळेतून आलं की मी तिथे कांड्या भरायला बसायचे. सहा-सहा महिने खपून विणलेल्या साडीवर गिऱ्हाईक दारात उभं राहून तासभर घासाघीस करायचं, तेव्हा काकांचा चेहरा कसा व्हायचा ते मी विसरलेले नाही. म्हणून मनापासून विचारते: तिथे विणकराच्या घरी भाव करायचा असतो का? न केला तर आपण अडाणी ठरतो, की केला तर त्याचा अपमान होतो? आणि रंग खरोखर किरमिजी किड्याचा आणि निळीचा आहे की बाजारातल्या पुडीचा, हे कसं ओळखायचं?

दुसरं म्हणजे, आमच्यातली एक पक्की शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. बाजारात तिनं काय खावं?

प्रतिसाद

मी दोन वर्षं मेक्सिकोतच, पुएब्ला शहरात होतो, वाहाकाला चार-पाच फेऱ्या झाल्या. तुमचं माहेर येवल्याचं असेल तर रविवारच धरा. मैत्रिणींचा हट्टही त्लाकोलुलात थोडाफार पुरा होईल, भांडी आणि लाकडी प्राणी तिथेही विकायला येतात. चौघी आहात, तर दिवसभरासाठी एक टॅक्सी ठरवा. सकाळी लवकर निघून वाटेत एल तुलेचं ते प्रचंड झाड बघा, पण पंधरा मिनिटंच. तेओतितलानला निदान दोन तास द्या.

तिथले पायमाग आणि मेंढ्या दोन्ही स्पॅनिश लोकांबरोबर आल्या, त्याआधी तिथे कमरेला बांधायच्या मागावर सूत विणायचे. रंगाचं विचाराल तर घरातल्या बाईंना करून दाखवायला सांगा. निवडुंगावरचा वाळलेला किडा तळहातावर चुरडला की गडद लाल होतो. त्यावर लिंबू पिळलं की शेंदरी, चुना लावला की जांभळा. आपल्याकडे हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसंच हे. जिथे रंगाची भांडी आणि लोकरीच्या लडी डोळ्यांसमोर आहेत, तिथून घ्या. पण एक ध्यानात ठेवा: पुडीच्या रंगाची सतरंजीही हातमागाची असू शकते, फक्त तिची किंमत वेगळी. विणकर विचारल्यावर सहसा खरं सांगतात.

भावाचं माझं मत स्पष्ट आहे. घरी जाऊन घेताना घासाघीस नको. आधी विचारा, ही विणायला किती दिवस लागले? तीन घेत असाल तर तेच आपणहून कमी करतात. परवडत नसेल तर लहान आकाराची घ्या. पेसो रोखीनं जवळ ठेवा.

शाकाहारी मैत्रिणीसाठी: त्लायुदा, म्हणजे मोठी कडक पोळी, मागवताना 'सिन आसिएन्तो' म्हणायला शिकवा. आसिएन्तो ही डुकराच्या चरबीची खरवड, ती पोळीवर आधीच फासतात. काळ्या घेवड्यातही बरेचदा चरबी असते, त्यासाठी 'सिन मान्तेका'. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, शाकाहारी दिसला तरी बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, तो टाळाच. त्यापेक्षा केसियो (तारांसारखं चीज) घालून निखाऱ्यावर भाजलेली मक्याची पोळी, फळं आणि तेहाते. मका आणि कोकोचं हे गार पेय मोठ्या पातेल्यात हातानं घुसळतात, वर पांढरा फेस येतो. टोपल्यांत लालसर ढीग दिसले तर ते भाजलेले नाकतोडे, तिखटाचे शेंगदाणे समजून उचलू नका.

धागाकर्ती

खूप आभार. रविवार ठरला, मैत्रिणींनाही चुन्याची गोष्ट सांगितली तर त्या लगेच तयार झाल्या. आता एकच: सात फुटी सतरंजी विमानात कशी न्यावी? घडी घातली तर मोडेल का?

प्रतिसाद

घडी चालते, लोकर आहे. विणकर स्वतःच घट्ट गुंडाळून दोरीनं बांधून देतात. जाताना एक रिकामी पिशवी मात्र न्या.