क्लचची एअर काढून थकलो, पेडल तरी खालीच. मदत हवी आहे (लवकर!)

उतावळा_टर्बो
क्लच नवा टाकला, स्लेव्ह सिलिंडरही (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) नवा. ऑइलमधली एअर काढून काढून पाय भरून आला, तरी पेडल पार तळाला टेकवल्याशिवाय क्लच सुटत नाही. रिव्हर्स टाकताना खर्रर्र. रविवारी ट्रॅकवर जायचं आहे. काय राहिलं असेल ते सांगा. व्हिडिओ बघा म्हणू नका, सगळे बघून झालेत.

लॉकनट
गाडी कोणती? स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर आहे की आत, शाफ्टभोवती? एअर पेडल मारून काढली की व्हॅक्यूमने? भराभर पंप केल्यावर पेडल वर येतं का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

जुनी_चाल
केबलच्या क्लचला ही थेरं नव्हती. नट फिरवला की काम झालं.

उतावळा_टर्बो
नाव सांगितलं की सगळे मॉडेलवरच तुटून पडतात, म्हणून मुद्दाम लिहिलं नाही. मागच्या चाकांना ड्राइव्ह, टर्बो, स्लेव्ह आतला. एक जण पेडल दाबून धरतो, मी स्लेव्हचं एअर काढायचं निपल सोडतो. पंप केलं की जरा वर येतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

स्टीलची_नळी
रबरी नळी फुगते, सगळा जोर तिथेच जातो. स्टीलच्या जाळीची टाका, पेडल दगडासारखं होईल. आणि क्लचचं ऑइल डॉट ५ ग्रेडचं घ्या, पाणी ओढत नाही.

लॉकनट
थांबा, डॉट ५ नको! ते सिलिकॉनचं. ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकोलची, त्यांच्यात ते मिसळत नाही. शिवाय त्यात बारीक बुडबुडे अडकून राहतात. हा माणूस आधीच एअरने बेजार आहे.

स्टीलची_नळी
माझ्या गाडीत मजेत चाललंय. अनुभवापुढे पुस्तक काय कामाचं?

लॉकनट
सिलिकॉनमध्ये पाणी विरघळत नाही, याचा अर्थ ते शिरत नाही असा नव्हे. ते सुटं राहून सगळ्यात खालच्या जागी साचतं, म्हणजे बहुधा स्लेव्हमध्येच. उष्णतेची काळजी असेल तर ५.१ घ्या. त्याचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २६० अंश, पाणी शोषल्यावर १८०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५.

हळूच_चला
अर्धा क्लच दाबून गाडी चालवायची सवय वाईट. प्लेट लवकर जाते.

उतावळा_टर्बो
अहो, प्लेट नवी आहे!!

फ्लायव्हीलवेडा
फ्लायव्हील (इंजिनमागचं चाक, ज्यावर क्लच बसतो) तेच की बदललं? आतला स्लेव्ह असेल तर त्याचं बेअरिंग आणि प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) बोटं यांच्यातलं अंतर मोजून मगच गिअरबॉक्स चढवायचा असतो. अंतर जास्त राहिलं तर स्लेव्हची बरीचशी चाल ते कापण्यातच जाते, मग कितीही एअर काढा. मागे शिम (पातळ चकती) द्यावी लागते. गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवा.

उतावळा_टर्बो
पुन्हा गिअरबॉक्स? अजिबात नाही. फ्लायव्हील हलकं टाकलंय, किटमधलंच आहे, मापात असणारच.

सिरिंजवाला
हवा वर जायला बघते आणि तुम्ही तिला खाली हाकलताय. क्लच ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल काढून घ्या आणि निपलमधून सिरिंजने हळूहळू वर ढकला. आसपास फडकी अंथरा, रंगावर सांडलं तर रंग गेला म्हणून समजा.

उतावळा_टर्बो
केलं. ऑइल वर जातच नाही. जोर लावला तर नळी निसटून तोंडावर उडालं (चष्मा होता म्हणून बरं). निपल नुसतं उघडं ठेवलं तरी थेंब पडत नाही. चोक असणार. एक मात्र आहे, गाडी तापली की क्लच आपोआप वर धरतो (पेडल थोडं दाबलं तरी सुटतो) आणि गिअर मस्त पडतात. म्हणजे एअर जातेय ना?

लॉकनट
पेडल मारून ऑइल येतं ना? मग निपल चोक कसं? खरं सांगा, पेडलमागचा पुशरॉड फिरवलाय का?

उतावळा_टर्बो
हो, पेडल खाली धरत होतं म्हणून लांब केला. ते तर सगळेच करतात. त्याचा एअरशी काय संबंध?

लॉकनट
सगळा संबंध तिथेच आहे. मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलने ऑइल दाबतो तो) टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येऊन ते उघडायला हवं. तुमचा रॉड लांब असल्याने पिस्टन मध्येच अडकतो आणि भोक झाकलेलं राहतं. म्हणून वरून थेंब येत नाही आणि खालून ढकललेलं वर जात नाही. तापल्यावर ऑइल फुगतं, परतीची वाट बंद, मग ते स्लेव्हलाच दाबतं. क्लच वर धरतो तो यामुळे. ट्रॅकवर आणखी तापेल, प्लेट अर्धवट सुटलेली राहील आणि नवा क्लच घसरून जळेल.

रॉडवरचा लॉकनट ढिला करा, रॉड आखूड करा. पेडल बोटाने दाबल्यावर रॉड पिस्टनला टेकण्याआधी किंचित मोकळा हलला पाहिजे. नेमकं माप मॅन्युअलमध्ये असतं. नंतर एअर काढा, पण पेडल सावकाश मारा.

फ्लायव्हीलवेडा
ठीक, पण रॉड फिरवायच्या आधीही पेडल खालीच होतं ना? माझा मुद्दा तसाच उभा आहे.

लॉकनट
असेल. पण याला फक्त दोन पाने (स्पॅनर) लागतात. गिअरबॉक्स कुठे पळून जात नाही.

उतावळा_टर्बो
रॉड मागे घेतला. निपल उघडताच ऑइल आपोआप गळायला लागलं, आधी बराच वेळ फेस, मग स्वच्छ. पेडल बरंच वर आलंय. गाडी थंड असताना रिव्हर्स अजून थोडा खरखरतो. रविवारी नेऊ का?

फ्लायव्हीलवेडा
क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. आवाज गेला तर आतले गिअर थांबायला वेळ लागतोय एवढंच, बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी रचना) नसतो. थांबूनही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग शिमचं बघावंच लागेल, आणि तोवर ट्रॅक विसरा.