अमिलॉइड हटवणाऱ्या औषधांना ‘इलाज’ म्हणावे का?

सांजवात (धागाकर्ती)

अल्झायमरवर ‘अखेर इलाज सापडला’ अशा आशयाचे संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा फिरू लागले आहेत. माझ्या आईला हा आजार होऊन सहा वर्षे झाली, त्यामुळे त्यातला प्रत्येक संदेश शेवटी माझ्यापर्यंत येतोच. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही मेंदूत साचलेले अमिलॉइड प्रथिन हटवणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आहेत आणि ती ते काम चोख करतात, याबद्दल वाद नाही. तरीही त्यांना इलाज म्हणणे आकड्यांना धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेकॅनेमॅबची मुख्य चाचणी १,७९५ जणांवर १८ महिने चालली आणि तिच्यातून ‘घसरण २७ टक्क्यांनी मंदावली’ हे वाक्य सर्वत्र पोहोचले. ज्या मोजपट्टीवर हे मोजले, तिच्यात स्मरण, स्थळकाळाचे भान, निर्णयशक्ती, समाजातला वावर, घर व छंद आणि स्वतःची देखभाल असे सहा भाग असतात. प्रत्येक भागाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त १८, आणि गुण जितके वाढतील तितका आजार पुढे गेलेला. औषध न मिळालेल्यांची बेरीज सरासरी १.६६ ने वाढली, औषध मिळालेल्यांची १.२१ ने. फरक ०.४५ चा, आणि या पट्टीवरची सर्वांत लहान पायरीच अर्ध्या गुणाची आहे.

एके सकाळी आईने डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये ठेवले, झाकण आणि शिट्टीही नीट लावली, पण तळाला पाणी घालायचे राहिले. करपल्याचा वास सुटला तेव्हा ती ओट्यापाशीच उभी होती आणि वास कुठून येतो आहे, असे मलाच विचारत होती. त्या दिवसापासून तिला गॅसजवळ एकटे सोडणे बंद झाले. घर सांभाळणाऱ्याला आजार असा पायरी-पायरीने कळतो, आणि अर्ध्या गुणापेक्षाही कमी असलेला हा फरक आम्हाला घरात जाणवला असता का, हे मला खरोखर विचारायचे आहे. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली होती.

पेशीभित्तिका

सांजवातताई, तुमचे आकडे अचूक आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी प्रथिनांवर काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

अमिलॉइडवरचा संशय जनुकांच्या पुराव्यावर उभा आहे. हे प्रथिन ज्या मोठ्या प्रथिनापासून तुटून निघते, त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते आणि डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र एक जादा असते. या व्यक्तींना अल्झायमर फार लवकर गाठतो. उलट आइसलँडमध्ये आढळलेला त्याच जनुकातला एक बदल अमिलॉइडचे उत्पादन कमी करतो आणि ज्यांच्यात तो आहे त्यांना आजारापासून संरक्षण देतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लेकॅनेमॅबची कल्पनाही एका स्वीडिश कुटुंबातल्या जनुकबदलावरून सुचली, ज्यात अमिलॉइडचे धागे पूर्ण जुळण्याआधीच्या मधल्या अवस्थेतले तुकडे जास्त साचत. नेमके हेच तुकडे ते प्रतिपिंड पकडते.

मग परिणाम इतका तुटपुंजा का? एक तर अमिलॉइड साचायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरुवात झालेली असते आणि औषध पोहोचते तोवर टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते चेतापेशींमध्ये पसरलेले असतात. दुसरे म्हणजे प्रतिपिंडाचा रेणू आकाराने मोठा असल्याने रक्तातल्या मात्रेपैकी हजारात जेमतेम एक भाग मेंदूत उतरतो. सुजेचे कारणही असेच उलगडते: अमिलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असते आणि ते खरवडले जाताना भिंत झिरपू लागते. म्हणूनच लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनासाठी मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर जे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते प्रथिन धरून आत नेणारे रेणू) असतात, त्यांच्या आधारे आत शिरणारी प्रतिपिंडे आता चाचणीत आहेत.

एचआयव्हीवर १९८७ मध्ये आलेले एझेडटी हे औषध एकटे दिले तर त्याचा परिणाम फार काळ टिकत नव्हता. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिली जाऊ लागली तेव्हा आजाराचे चित्र पालटले. एझेडटीला त्या काळी ‘निरुपयोगी’ ठरवून सोडून दिले असते तर?

उंबरा

जनुकांचा पुरावा मान्य, पण पैसा आणि बुद्धी वीस-पंचवीस वर्षे एकाच वाटेवर खर्च झाली, हे विसरू नये. २०२१ मध्ये अमेरिकेत ॲडुकॅनुमॅब या अमिलॉइड हटवणाऱ्याच औषधाला मंजुरी मिळाली तेव्हा सल्लागार समितीतल्या एकाही सदस्याने अनुकूल मत दिलेले नव्हते आणि मंजुरीनंतर तिघांनी राजीनामे दिले. अमिलॉइडच्या एका विशिष्ट रूपावरचा २००६ चा गाजलेला शोधनिबंध चित्रांतल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला.

पेशीभित्तिका

तो निबंध गंभीर प्रकरण आहेच, पण वर लिहिलेला जनुकांचा पुरावा किंवा लेकॅनेमॅब यांपैकी काहीही त्यावर उभे नाही. दोन्ही गोष्टी एकत्र करू नयेत, ही विनंती.

घाटमाथा

मी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियन आहे, म्हणून फक्त व्यवहाराचे सांगतो. लेकॅनेमॅब सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते, आधी अमिलॉइड असल्याची खात्री पेट स्कॅनने किंवा पाठीच्या पाण्याच्या तपासणीने करावी लागते आणि पहिल्या काही महिन्यांत वारंवार एमआरआय काढावे लागतात. अमेरिकेत निव्वळ औषधाची वर्षाची जाहीर किंमत २६,५०० डॉलर होती. हे औषध चालू असलेल्या एका रुग्णाला पक्षाघातानंतर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला, अशी नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. रात्री दोन वाजता बेशुद्ध रुग्ण आणला जातो तेव्हा तो कोणते औषध घेतो हे नातेवाइकांना सांगता येत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांचे निदानच होत नाही.

सांजवात

पेशीभित्तिका, जनुकांविषयी तुम्ही लिहिलेले वाचून माझ्या मतातला एक भाग मी मागे घेते: निशाणा चुकला आहे असे मला वाटत होते, आता तो उशिरा साधला जातो आहे असे वाटते. पण एझेडटीच्या वेळी रुग्णाला आपण काय घेतो आहोत हे समजत होते. इथे संमती देणाऱ्याची समजच उणावत चाललेली असते आणि सही मुलांना करावी लागते, म्हणून ‘२७ टक्के’ एवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते. ही औषधे सौम्य अवस्थेतल्या रुग्णांसाठीच आहेत, आई ती अवस्था ओलांडून गेली आहे. मात्र माझ्या मामांचे निदान याच वर्षी झाले. आज रात्री ग्रुपवर मी मामेभावंडांसाठी १.६६ आणि १.२१ हे दोन्ही आकडे, सुजेचे प्रमाण आणि घाटमाथा यांनी सांगितलेली इंजेक्शनची गोष्ट लिहिणार आहे.